चाव्यांच्या जुडग्यातला चाकू

"माणूस जनावरापासून येगळा झाला तो हत्यारामुळं. ज्या दिवशी त्यानं दगडावर दगड घासला, त्या दिवशीच पुढची सगळी राज्यं, सगळ्या सल्तनती आन् सगळे किल्ले ठरून गेले. म्हणून सांगतो, हत्यार निवडणं हे सून निवडण्यापरीस अवघड काम हाय."

वालूरच्या बसथांब्यासमोरच्या हॉटेलात, भरल्या बाकड्यापुढं नागप्पांनी हे जाहीर केलं तेव्हा बाकडं गप्प झालं. एकानं तर बशीतला चहा ओठापाशीच धरून ठेवला. मग नागप्पांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, की शाम्पूच्या पुडीचं तोंड कापता येईल असा, करंगळीएवढा, चावीला लटकवायचा चाकू कुणाच्या पाहण्यात आहे का.

बशीतला चहा प्याला गेला.

बाकड्याला नवल वाटलं त्याला कारण होतं. नागप्पांनी आख्खी हयात गावात किराणा दुकान चालवलं आणि त्या दुकानात कधी कात्री शिरू दिली नाही. पुडा बांधायचा, सुतळीला बोटावर एक आढी द्यायची आणि तटकन तोडायची, ही त्यांची ख्याती. गिऱ्हाईक साखरेपेक्षा तो झटका बघायला थांबे. कात्री ठेवणाऱ्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही, असं ते म्हणत. अशा माणसानं चौऱ्याहत्तराव्या वर्षी चाकूची चौकशी करावी, हे लक्षण काही बरं नव्हतं. त्यांचा जुना दोस्त आश्रुबा यानं तर तोंडावरच विचारलं, "अप्पा, तुमचं लिंगायताचं घर. तुमच्या घरात कापण्यासारखं सगळ्यात दांडगं काय असतंय? दोडका."

नागप्पा हसले आणि खरं कारण चहासोबत गिळून टाकलं. ते कारण घरी होतं. त्याचं नाव चन्नबसम्मा.

चन्नबसम्मा श्रावणात अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. परभणीला प्लास्टर झालं, यथावकाश निघालं. हात परत मिळाला, पण कामावर काही रुजू झाला नाही. बोटं होती, हलतही होती, फक्त कशाला धरून ठेवायचं म्हटलं की सोडून देत. डॉक्टरांनी एक पावडर दिली. चकचकीत पुडीतली, रोज एक, दुधातून. सांगताना ते नागप्पांकडं बघून म्हणाले, की वजन लय उतरलंय, हाडं पार ठिसूळ झालीत. ही पावडर चुकवू नका. आता परत पडल्या तर खुबा जाईल, आणि या वयात खुबा गेला की माणूस अंथरुणातून उठेलच याची मी काही हमी देत नाही.

नागप्पांनी ते ऐकलं आणि घरी येताना सबंध रस्ता खिडकीतून बाहेर बघितलं. चन्नबसम्मा म्हणाल्या, तुरीला काय बघायलात येवढं, आपली हाय का.

पावडर सुरू झाली. निदान तसं नागप्पांना वाटलं. रोज सकाळी पूजा आटोपली की ते विचारत, घेतली का, आणि त्या म्हणत, घेतली. एके दिवशी ते शेवया शोधायला गेले. डब्याचं झाकण काढलं तर आत शेवया नव्हत्या. सगळ्या पुड्या होत्या. नीट, एकीवर एक रचलेल्या, एकही न उघडलेली. पण प्रत्येक पुडीचा कोपरा मात्र चुरगळलेला होता. काही कोपरे पिरगाळलेले होते, काहींवर हिरड्यांनी ओढल्याची ओल वाळून पांढरी झाली होती. पुडीवर बाण काढून "येथून फाडा" असं छापलेलं होतं. ज्यानं ते छापलं त्यानं स्वतः कधी पुडी फाडली नसावी.

नागप्पांनी झाकण लावलं आणि डबा होता तसा ठेवला.

आता कुणी म्हणेल, यात काय एवढं. म्हाताऱ्यानं पुडी फाडून द्यावी, म्हातारीनं घ्यावी, गोष्ट संपली. असं म्हणणाऱ्यानं चन्नबसम्मा बघितलेल्या नाहीत. या बाईनं आयुष्यात शेजारी विरजण मागितलं नव्हतं. विरजण बिघडलं तर त्या घरात दोन दिवस दही नसे, पण वाटी घेऊन कुणाच्या दारात जाणं नसे. "मागितलं की माणूस उंबऱ्याभायेर उभं ऱ्हातंय," असं त्या म्हणत. द्यायला मात्र हात सैल. आख्खं गाव त्यांच्या उंबऱ्यावर वाटी घेऊन उभं राहून गेलेलं. पुडे, पिशव्या सगळं त्या पूर्वी दातानं उघडत. पुढं दात गेले आणि कवळी आली. ती त्या लग्नाला आणि फोटोला घालत. मग उजव्या हाताचा जोर दाताच्या जागी कामाला लागला, आणि आता तोही गेला होता. विळीवर बसायचं तर खाली बसायला डॉक्टरांची मनाई. कात्रीच्या कड्यात अंगठा जाई, पण दाबला जात नसे. पुण्याहून पोरगा विरेश फोनवर म्हणाला, कामाला एखादी बाई लावू या, तर त्याच्याशी त्या आठवडाभर फक्त हवापाण्याचं बोलल्या.

नागप्पांनी एकदा प्रयत्न करून बघितला होता. पुडीचं तोंड गुपचूप फाडून ती ओट्यावर ठेवली. जणू वाऱ्यानं उघडली. चन्नबसम्मांनी पुडीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि पुडी नेऊन शेजारच्या बबिताच्या गाईच्या पेंडीत रिकामी केली. ती गाय पुढं फार मजबूत निघाली.

तेव्हा नागप्पांनी बसून विचार केला. चन्नबसम्मांच्या कमरेला चाव्यांचा जुडगा असे. कपाटाची, कोठीची, माळवदाच्या दाराची, आणि ज्यांची कुलुपं केव्हाच गेली अशा चार-दोन चाव्या. लग्नानंतर सासूनं तो खोचून दिला तेव्हापासून तो तिथंच, डाव्या बाजूला. म्हणजे डाव्या हाताशी. त्या जुडग्यात एखादा इवलासा चाकू जाऊन बसला, तर तो काही कुणाची मदत ठरणार नाही. चाव्यांतलीच एक चावी म्हणून राहील. फक्त तो असा पाहिजे, की डाव्या हाताच्या अंगठ्यानं उघडेल, आणि त्या अंगठ्यात पाखराएवढाच जोर असला तरी उघडेल.

हे हत्यार मिळवायला नागप्पा निघाले.

पहिल्यांदा ते बालाजीकडं गेले. बालाजीनं त्यांच्याच जुन्या दुकानात आता मोबाइल दुरुस्ती थाटली होती. त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. त्यात एक दाढीवाला गडी डोंगरात बसून, माणसानं रोज अंगावर काय काय बाळगावं ते एका कापडावर मांडून दाखवत होता. बॅटरी, शिट्टी, दोरी, चकमक आणि चाकू. जंगलात हरवलात तर यातली एकेक वस्तू जीव वाचवील, असं तो सांगत होता. नागप्पांनी मन लावून बघितलं. वालूरच्या चहूबाजूंनी सोयाबीन आणि तूर. इथं माणसानं ठरवून हरवायचं म्हटलं तरी मोटारसायकलवाला थांबून विचारतो, अप्पा, इकडं कुठं चाललाव, बसा. तरी त्यांनी बालाजीला एक शंका विचारली. अंगठ्यात जोर नसलेल्या माणसानं यातला कोणता घ्यावा? बालाजीनं खालच्या सगळ्या प्रतिक्रिया वाचून काढल्या. धारेबद्दल लोक भांडत होते, पोलादाबद्दल भांडत होते, एकमेकांच्या आईबापांवर घसरले होते. अंगठ्याची विचारपूस कुणीच केली नव्हती.

शेवटी त्यातलाच अकरा कामं करणारा एक चाकू मागवला. तो आला तेव्हा खोक्यावर इतकी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, की ते उघडायला नागप्पांना चाकूची फार गरज भासली. आत करवत होती, पेचकस होता, दात कोरायची काडी होती, आणि घोड्याच्या टापेतला खडा काढायचा आकडा होता. वालूरला घोडा लग्नापुरता येतो, आणि त्याच्या टापेची काळजी करायला त्याचा मालक सोबत असतो.

नागप्पा तो घेऊन मागच्या गोठ्यात गेले. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता. त्यांनी दार ओढून घेतलं, उपरण्यानं स्वतःचा उजवा हात कमरेला बांधून टाकला आणि डाव्या अंगठ्यानं चाकू उघडायला बसले. पातं बाहेर काढायला नखाची खाच होती. चन्नबसम्मांची नखं भांड्यांच्या राखेनं केव्हाच झिजवून टाकलेली. म्हणून नागप्पांनी नख लावायचं नाही असं ठरवलं आणि अंगठ्याच्या नुसत्या मांसानं ओढत राहिले. करवत उघडली. दात कोरायची काडी निघून पडली. आकडा उघडला आणि उपरण्यात अडकला. पातं काही हललं नाही. दाराच्या फटीतून कुणी बघितलं असतं, तर एक सत्तरी उलटलेला गृहस्थ स्वतःला बांधून घेऊन घोड्याच्या आकड्याशी झुंजतोय, असं दिसलं असतं.

आश्रुबाला एवढंच कळलं होतं, की अप्पाला चाकूचा नाद लागलाय. तो नादाला जागणारा माणूस. त्याची लेक ताडकळसला दिलेली. तिच्याकडं गेला तेव्हा तिथल्या बाजारातून त्यानं नागप्पांसाठी एक चाकू आणला. बटन दाबलं की पातं उडी मारून बाहेर. नागप्पांनी बटन दाबलं. पातं उडालं आणि नागप्पाही उडाले. अंगठ्याला जोर लागत नव्हता हे खरं, पण असली वस्तू बायकोच्या कमरेला लावून झोप येणं शक्य नव्हतं. शिवाय पोलिसांनी विचारलं तर काय सांगणार, शेवयांच्या डब्याची भानगड आहे म्हणून?

मग दोघं बसनं सेलूला गेले. बाजारात योगीराजचं हार्डवेअरचं दुकान होतं. योगीराजनं काउंटरवर लाल कापड अंथरलं आणि चाकू मांडले. पितळी मुठीचे, लाकडी मुठीचे, पोपटाच्या चोचीसारखे. आश्रुबा एकेक उचलून वजन करी, धारेवरून अंगठा फिरवी आणि लांबातला लांब पुढं सारी. नागप्पांनी मात्र उजवा हात कोपरीच्या खिशात घातला तो बाहेर काढलाच नाही. एकेक चाकू ते डाव्या तळहातावर घेत, अंगठ्यानं हलकेच ढकलत आणि खाली ठेवत.

योगीराजनं विचारलं, हाताला काय झालं. नागप्पा म्हणाले, कुठं काय.

आश्रुबानं नागप्पांच्या खिशातल्या हाताकडं बघितलं, मग डाव्या अंगठ्याकडं बघितलं. श्रावणात चन्नबसम्मांना परभणीला नेलं तेव्हा जीपमध्ये पुढच्या सीटवर तोच बसला होता. त्यानं हातातला लांब चाकू हळूच कापडावर ठेवला, आपलाही उजवा हात पाठीमागं घेतला आणि डाव्या हातानं एक बारका चाकू उचलून बघितला.

"योगीराज, हे लय कडक हायेत," तो म्हणाला. "नरम काढ. पार नरम."

पुढं बराच वेळ दोन म्हातारे एकेक हात लपवून चाकू उघडत होते आणि योगीराज या दोघांना बस कितीची आहे याचा अंदाज बांधत होता.

शेवटी खालच्या खणातून एक वस्तू निघाली. तिला चाकू म्हणावं की नाही यावर खुद्द योगीराजचंच मत बनलेलं नव्हतं. चिंचेच्या बोटुकाएवढी, हळदीच्या रंगाची, प्लास्टिकची, एका टोकाला कडी. वर एक खरखरीत गुंडी. गुंडीवर अंगठा टेकवून नुसता पुढं सरकवला, की दुसऱ्या टोकातून पात्याचं टोक बाहेर डोकावे, तांदळाच्या दाण्याएवढं. अंगठा उचलला की आपोआप आत. पार्सलवाली पोरं चिकटपट्टी कापायला नेतात, योगीराज म्हणाला, पण तुमच्यासारख्या माणसाला हे कसं दाखवू. नागप्पांनी अंगठा टेकवला. दाणा बाहेर आला. अंगठा उचलला. दाणा आत गेला. त्यांनी डोळे मिटून परत एकदा केलं. मग आश्रुबानं केलं. मग दोघंही काउंटरवर कोपर टेकून जरा वेळ नुसतेच उभे राहिले.

घरी आल्यावर नागप्पांनी तो ओट्यावर ठेवला. धारेची वस्तू आपल्यात हातात देत नाहीत. खाली ठेवायची, घेणाऱ्यानं उचलायची, म्हणजे घरात तंटा होत नाही. ठेवताना ते दुसरीकडं बघत म्हणाले, की आजकाल सगळे असलं काहीतरी चावीला लावतात, मीही आणलंय, पण माझ्या खिशात वस्तू राहत नाही, तेव्हा तुझ्या जुडग्यात राहू दे. चन्नबसम्मांनी तो उचलून उजेडात धरला. धार हाय का, म्हणाल्या. हाय, म्हणाले. मंग जपाया पायजे, म्हणाल्या, आणि जुडगा काढून त्यांनी कडी आत सरकवली. नागप्पांना त्या रात्री फार छान झोप लागली. बायकोपेक्षा आपण हुशार आहोत असं वाटलं की नवऱ्याला अशी झोप लागते.

सकाळी बघतात तर चाकूला अभ्रा.

लाल खणाचा तुकडा. तीन बाजूंनी शिवलेला, तोंडाला दोरा ओवून गच्च बांधलेला. डाव्या हातानं घातलेले टाके. काही मोठे, काही बारके, वाट चुकलेल्या मुंग्यांसारखे. जुडग्यात सगळ्या चाव्या वाजत होत्या आणि मधोमध चाकू नवरीसारखा पांघरून बसला होता. नागप्पांनी विचारलं, हे काय केलंस. चन्नबसम्मा म्हणाल्या, "तुमची अमानत हाय. चरा पडला तर तुमालाच वंगाळ वाटंल."

आणि नागप्पांना आपण कुठं चुकलो ते कळलं. तसली चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. चन्नबसम्मांचे आजोबा. रझाकारांच्या धामधुमीत निम्म्या गावानं आपली गाठोडी आणून त्यांच्या कोठीत ठेवली होती. दिवस पालटल्यावर ज्याचं त्याला परत केलं, ज्यानं घातलेली गाठ तशीच. पुढं त्यांच्या घरात मूल बोलायला लागलं की त्याला आधी देवाचं नाव शिकवत, आणि मग हे, की अमानतीची गाठ सोडायची नसते. लग्नाच्या पहिल्या रात्री ही गोष्ट नवऱ्याला सांगणारी बाई ती, आणि तिला हा गडी म्हणाला, माझी वस्तू तुझ्याकडं ठेव. "तुझ्यासाठी आणलाय" म्हटलं असतं तर घेतला नसता, आणि "माझा आहे" म्हटलं म्हणून उघडणार नव्हती. पुड्या डब्यातच होत्या. त्यात रोज एकीची भर पडत होती, आणि आंघोळीहून येताना आता ती भिंतीला हात लावून चालत होती.

दोन दिवस नागप्पा हॉटेलाकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी परभणीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि विचारलं, की हीच पावडर चौऱ्याहत्तर वर्षांच्या पुरुषानं घेतली तर काही अपाय आहे का. डॉक्टर म्हणाले, अपाय कसला, तुमच्या हाडांनी काय पाप केलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कपाळाला भस्म लावून, समोर दुधाचा पेला ठेवून नागप्पा स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि मेडिकलातून आणलेली पुडी फाडायला लागले. पुडी फाटेना. हात थरथरायला लागले. पुडी हातातून निसटली, त्यांनी ती उचलली, परत निसटली. मग त्यांनी दात लावला. त्यांचे दात अजून पुडी काय, खारीक फोडतील असे होते. पण त्या दिवशी ते दातही कमजोर निघाले. एवढा अभिनय नागप्पांनी जन्मात केला नव्हता. उधारीवाल्याला माल संपलाय असं सांगताना थोडाफार केला असेल तेवढाच.

"काय झालं व तुमच्या हाताला?" चन्नबसम्मा भाकरी थापता थापता थांबल्या. भाकरी त्या आता डाव्या हातानं थापत. नकाशासारखी होई, पण दुसऱ्या कुणाला थापू देत नसत.

"कंप सुटलाय," नागप्पा म्हणाले. "डॉक्टर म्हणला हाडं पोकळ झालेत. तुझीच पावडर दिलीय मला. पर ही पुडी काय उघडंना. तुझ्याकडं काई हाय का?"

चन्नबसम्मांनी हात पुसले. कमरेचा जुडगा काढला. अभ्र्याचा दोरा त्यांनी तोंडात धरून हिरड्यांनी ओढला आणि गाठ सोडली. अमानत ज्याची त्यानंच मागितली होती, त्यामुळं आजोबांची हरकत नसावी. उजव्या हाताच्या तळव्याखाली त्यांनी पुडी ओट्यावर दाबून धरली. एवढं त्या हाताला जमत होतं. डाव्या अंगठ्यानं गुंडी सरकवली. दाणा बाहेर आला. पुडीच्या तोंडावरून तो असा गेला, की आवाजसुद्धा झाला नाही.

त्यांनी पुडीच्या उघड्या तोंडाकडं बघितलं. मग अंगठ्याकडं बघितलं. गुंडी परत एकदा सरकवून बघितली, उगीच.

नागप्पांनी पावडर दुधात घातली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. हे काही नाटक नव्हतं. चव खरोखरच भिंतीच्या पोपड्यासारखी होती. "मला एकट्याच्यानं न्हाई पेववत हे," ते म्हणाले. "तू कशी पितीस रोज?"

चन्नबसम्मांनी शेवयांचा डबा काढला, नवऱ्याकडं पाठ करून वरची एक पुडी घेतली आणि कापली.

त्या दिवसापासून रोज सकाळी दोन पुड्या कापल्या जायच्या. आधी नवऱ्याची, मग स्वतःची. डबा रिकामा होत गेला आणि एके दिवशी त्यात खरोखरच शेवया येऊन पडल्या. अभ्रा कुठं गेला ते कुणी विचारलं नाही. चाकूनं पुढं दुधाची पिशवी कापली, गोळ्यांचं पाकीट कापलं, विरेशनं पाठवलेलं पार्सल कापलं, आणि एकदा बबिता मिरचीच्या बियाण्याचा पुडा घेऊन दारात आली तर तोही कापून दिला. बबिताला कापून देताना चन्नबसम्मांचा चेहरा पूर्वी विरजण घालताना असायचा तसा झाला होता. संक्रांतीपर्यंत भिंतीचा हात सुटला.

हॉटेलात आश्रुबानं एकदाच विचारलं, चालतंय का. नागप्पा म्हणाले, चालतंय. दोघांनी चहा घेतला.

आणि मग एका सकाळी दोघंही पेले घेऊन अंगणात उन्हाला बसलेली असताना चन्नबसम्मा सहज म्हणाल्या, "काल तुमचा डावा हात कापत व्हता. परवा उजवा."

नागप्पांनी पेल्यात बघितलं.

"आन् चहाच्या टायमाला कुठलाच कापत न्हाई," त्या म्हणाल्या. "एक थेंब सांडत न्हाई बशीतून."

नागप्पा म्हणाले, की कंपवाताचं तसंच असतं, तो येतो आणि जातो. चन्नबसम्मांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बबितानं बघितलं तुमाला. गोठ्यात. उजवा हात बांधून घेतलेला, डाव्यात चाकू. मला यिऊन म्हणली, काकू, अप्पाला काय तरी झालंय, दर्ग्याला न्या."

"कवा?"

"सेलूला जायच्या आधी."

म्हणजे अभ्र्याच्या आधी. म्हणजे पाटावरच्या त्या अभिनयाच्या कितीतरी आधी. त्यांनी मान खाली घातली आणि आता काय होणार ते त्यांना दिसायला लागलं. ती जुडगा काढील, कडीतून चाकू सोडवील, त्यांच्यासमोर फरशीवर ठेवील. तंटा होऊ नये म्हणून हातात देणार नाही. उद्यापासून पुड्या डब्यात जातील. भिंतीचा हात परत सुरू होईल. इतकी वर्षं संसार केल्यावर माणसाला एवढं पुढचं दिसतंच.

"मंग बोलली कामून न्हाईस?" त्यांनी विचारलं.

अंगणातल्या चिमण्या उडून परत आल्या.

"तवा बोलले असते तर घ्यावं लागलं असतं ना," त्या म्हणाल्या. "मला घेता येत न्हाई. तुमाला ठावं हाय. म्हणून ती खोळ शिवली. म्हणलं बघू, हा माणूस थकतोय का." पेला त्यांनी बाजूला ठेवला. "न्हाई थकले तुमी. कंप आणला."

चन्नबसम्मांचा डावा हात कमरेशी गेला. जुडग्यावर थांबला. चाव्या वाजल्या. हात तिथून निघाला आणि मांडीवर येऊन पडला, रिकामा. मग त्या जरा सरकल्या, नवऱ्याकडं पाठ करून बसल्या. काहीतरी बोलायचं होतं आणि ते यायला फार लांबून येत होतं. घशाशी आलं, मागं फिरलं, परत आलं.

"ऐकायलात का," त्या शेवटी म्हणाल्या, समोर बघतच. "श्रावणापून माझा हात पुरत न्हाई. तेवढी पाठ खाजवा जरा. तिथं न्हाई. खाली. अजून खाली."